शेवटच्या रांगेचा गळा, वीतभर अंतरावरचा माईक

नागपुरात गाणं शिकणाऱ्या मुली भेटल्या की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यालाच विचारतात, "ताई, टीव्हीवर जायचं असेल तर काय करू?" नाटकात गायचं असेल तर काय करू, असं सहसा कोणी विचारत नाही. माझं उत्तर मात्र तिथूनच सुरू होतं. मी हौशी संगीत नाटकातून झाडीपट्टीत गेले, तिथून गाण्याच्या एका रिअ‍ॅलिटी शोमध्ये आणि मग मालिकांची शीर्षकगीतं, ध्वनिमुद्रणं असं काम मिळत गेलं. नातेवाईक याला 'वर जाणं' म्हणतात. मला त्यात वर-खाली काही दिसत नाही. ही सगळी निरनिराळी कामं आहेत आणि प्रत्येक काम पहिल्यापासून शिकावं लागतं.

नागपूरला संगीत नाटकं वर्षभर तिकीट लावून चालतात असं नाही. हौशी संस्था स्पर्धेच्या निमित्तानं एखादं 'सौभद्र' किंवा 'मानापमान' उभं करतात. राज्य नाट्य स्पर्धेत संगीत नाटकांचा वेगळा विभाग आहे, त्याच्या तालमी लागल्या की गाणाऱ्या मुलामुलींची शोधाशोध सुरू होते. त्या वेळी हजर असा. नायिकेचं काम लगेच मिळणार नाही, पण नांदीत उभं राहायला मिळालं तरी सोडू नका. नांदी सुरू होते तेव्हा प्रेक्षक खुर्च्या शोधत असतात, कोणीतरी फोनवर "अरे, सुरू झालं, ये लवकर" म्हणत असतं, आणि तुम्हाला त्या गलक्यात सा लावायचा असतो. क्लासमध्ये हे शिकवता येत नाही. पदाचंही तसंच. 'मानापमान'मधली भामिनी किंवा 'सौभद्र'मधली रुक्मिणी या क्षणी का गाते आहे, हे कळलं नसेल तर तान कितीही साफ असली तरी ती मैफलीतली तान होते, नाटकातली होत नाही.

माझी खरी घडण झाडीपट्टीत झाली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या धानाच्या पट्ट्यात दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावजत्रा, आणि शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, भरतात आणि त्यांच्या जोडीनं रात्रभराची नाटकं. नाटक कंपन्यांचं मुख्य ठाणं वडसा, म्हणजे देसाईगंज. बुकिंग तिथं, ऑफिसं तिथं. होळीच्या आसपास हंगाम आवरतो. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा नागपुरातल्या बऱ्याच सुशिक्षितांना हा रंगमंच पहिल्यांदा दिसला. तोवर झाडीपट्टीत काम करते म्हटलं की नाक मुरडणारेच जास्त भेटायचे.

तिथं तालमी थोड्या, प्रॉम्प्टरवर भिस्त मोठी. नाटक रात्री उशिरा उघडतं आणि पहाटेपर्यंत चालतं. समोर ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड. पद रंगलं तर वन्स मोअर, पडलं तर शिट्ट्या. दोन्हीचा निकाल जागेवर लागतो, एसएमएसच्या मतांची वाट बघावी लागत नाही. एकदा माईक गेला तेव्हा मागच्या रांगेतून एक आजी ओरडली, "खुलून म्हन ना वो बाई, मांगं आयकू येऊन नाई राह्यलं!" मी खुलून म्हटलं. डिसेंबरच्या थंडीत, दव पडत असताना, उघड्या शामियान्यात मागच्या आजीपर्यंत शब्द पोचवायचा तर श्वास पोटातूनच घ्यावा लागतो, गळ्यानं ओरडून चालत नाही. ओरडणाऱ्यांचा आवाज हंगामाच्या मध्यातच बसतो. तसं झालं तर गरम मसाल्याचे काढे पिऊन पुन्हा गायला उभं राहू नका. मौन पाळा, आणि आठवड्यात फरक पडला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा.

आता माईक. रंगमंचावरून आलेल्या गायकाची खरी परीक्षा स्टुडिओत होते, म्हणून यावर जरा जास्त लिहिते.

शेवटच्या रांगेसाठी घडवलेला गळा घेऊन आपण कंडेन्सर माईकसमोर उभे राहतो. हा माईक म्हणजे अगदी कानाशी येऊन बसलेला माणूस. त्याला श्वास ऐकू येतो, ओठ सुटल्याचा आवाज ऐकू येतो, बांगडी तर येतेच येते. माईकपुढे हवा अडवायला जी जाळी असते, त्या पॉप फिल्टरपासून वीतभर अंतर ठेवून सुरुवात करा. जवळ सरकलात तर खर्ज फुगतो आणि आवाज उगाच भारदस्त वाटतो. ऐकायला गोड, पण मिक्सिंग करणारा वैतागतो. तार सप्तकात जाताना मान किंचित वळवा किंवा अर्धं पाऊल मागे घ्या. 'प', 'फ', 'भ' यांची हवा फटकन माईकवर आदळते, ती अक्षरं थोड्या तिरक्या तोंडानं सोडायची सवय करा. हेडफोनचा एक कान अर्धा मोकळा ठेवला तर स्वतःचा खरा आवाज ऐकू येतो आणि सूर चढत नाही.

त्याहून अवघड आहे क्लिक, म्हणजे हेडफोनमध्ये वाजणारी लयीची टिकटिक. नाटकात लय तुमच्या मागून येते. तुम्ही एखाद्या शब्दावर रेंगाळलात तर तबलजी सांभाळून घेतो, ऑर्गनवाला स्वर धरून थांबतो. स्टुडिओत वादक महिनाभर आधी वाजवून गेलेले असतात, किंवा मुळात नसतातच, सगळं प्रोग्रामिंग असतं. कानात टिकटिक चालू राहते, ती कोणासाठी थांबत नाही. यावर उपाय म्हणून मेट्रोनोम गाण्याच्या अर्ध्या गतीवर ठेवून रियाझ करा. दोन टोल्यांमधली जागा स्वतः मोजायला लागलात की रेंगाळूनही समेवर परत येता येतं. नाट्यसंगीत आलेल्यांना हे इतरांपेक्षा लवकर जमतं, असं मी पाहिलं आहे.

हा पेच जुनाच आहे. १९०२ साली कोलकात्यात गायिका गौहर जान यांचं गाणं तबकड्यांसाठी मुद्रित झालं, तेव्हापासून आपल्याकडच्या गायकांना मिनिटांचा हिशोब शिकावा लागला. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटं मावत. रंगमंचावर वन्स मोअर घेत लांबत जाणारं बालगंधर्वांचं पद त्या तबकडीत तेवढ्यातच बसवलेलं आहे. ती ध्वनिमुद्रणं घड्याळ लावून ऐका. मुखडा किती वेळ, पहिली हरकत कुठे, अंतरा कधी आला, हे वहीत लिहा. टीव्हीवर तुमचं गाणं दोन मिनिटांवर कापतात तेव्हा नेमकं हेच लागतं. कात्री त्यांच्या हातात जाण्याआधी आपण कुठे थांबायचं हे आपल्याला माहीत असावं.

माईकची शिस्त लावून घ्यायला नागपुरातच एक चांगली जागा आहे, ती म्हणजे आकाशवाणी. नागपूर केंद्र १९४८ पासून चालू आहे. सुगम संगीताची स्वरचाचणी द्या. बी, बी-हाय, ए आणि टॉप अशा श्रेणी असतात. मानधनानं घर चालणार नाही, हे आधीच सांगते. पण श्रेणी मिळवलेला कलाकार म्हटलं की पुढची दारं थोडी लवकर उघडतात, आणि ठरलेल्या वेळात, ठरलेल्या रचना, न चुकता गायची सवय लागते.

घरी रेकॉर्डिंग करणार असाल तर नागपूरकरांचा एक खास शत्रू आहे, कूलर. एप्रिल-मेमध्ये तो बंद केला तर आपण शिजतो, चालू ठेवला तर प्रत्येक टेकमध्ये घरघर. आवाज साफ करणारी सॉफ्टवेअरं घरघरीबरोबर गाण्यातला कोवळेपणाही पुसून टाकतात. पहाटे लवकर गा, खिडक्यांवर जाड दुलया टांगा, आणि गाण्याआधी रात्रभर कूलरच्या झोतात झोपू नका.

टीव्हीच्या तांत्रिक बाजूचं थोडक्यात. बँडला पट्टी इंग्रजी नावानं सांगता आली पाहिजे. काळी चार म्हटलं की कीबोर्डवाला जी शार्प लिहितो, पांढरी एक म्हणजे सी. तालमीत ठरलेली पट्टी शूटिंगच्या दिवशी घसा धरला म्हणून बदलून मागणं शक्यतो टाळा. कॅमेऱ्यापुढे आपला अभिनय टीव्हीवाल्यांना 'लाऊड' वाटतो. शेवटच्या रांगेला दिसावी म्हणून उचललेली भुवई क्लोज-अपमध्ये फार मोठी होते. फोन तोंडासमोर धरून तेच पद फक्त डोळ्यांनी म्हणून बघा, हातांना कामच देऊ नका.

स्पर्धेच्या कार्यक्रमात गाण्याइतकाच वेळ तुमच्या 'स्टोरी'ला असतो. घरची अडचण, वडिलांचं आजारपण, गावातलं पडकं घर, हे सगळं विचारतात आणि घरी येऊन शूटही करतात. काय सांगायचं आणि काय नाही, हे आईवडिलांशी आधी बोलून ठरवा. एकदा प्रसारित झालं की ते परत घेता येत नाही, आणि पुढे कित्येक वर्षं यूट्यूबवर तुमच्या गाण्याच्या शेजारी तेच दिसत राहतं. मला यातलं बरंचसं नकोसं वाटतं. पण यामुळे मतं मिळतात, हेही मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

जिंकलं तरी आणि बाहेर पडलं तरी पुढचे काही महिने कार्यक्रम भरपूर मिळतात. गणपती, नवरात्र, कोजागिरी. झाडीपट्टीतसुद्धा टीव्हीवरच्या ओळखीच्या चेहऱ्यांना बोलावणं असतं, म्हणजे ज्या रंगमंचावरून तुम्ही गेलात तिथंच पोस्टरवर मोठ्या अक्षरांत परत येता. नंतर फोन कमी होतात. आपल्या विदर्भातली वैशाली माडे २००९ साली हिंदी 'सारेगमप'ची स्पर्धा जिंकली. 'बाजीराव मस्तानी'मधलं श्रेया घोषालसोबतचं 'पिंगा' आलं २०१५ साली. मधली सहा वर्षं कोणता चॅनल दाखवत नाही, पण गायकाला ती काढावीच लागतात.

वयाची धास्ती घेतलेल्यांनी वसंतराव देशपांड्यांचा क्रम बघावा. त्यांच्या नावाच्या सभागृहात आपण सिव्हिल लाइन्सला नेहमी जातो, पण हा क्रम फार जणांना ठाऊक नसतो. जन्म १९२० चा, बालपण नागपुरात, गाण्याचे धडे शंकरराव सप्र्यांकडे. १९३५ च्या 'कालिया मर्दन' चित्रपटात ते लहानगे कृष्ण झाले. म्हणजे पडदा आधी भेटला. नंतर लष्कराच्या हिशेब खात्यात बरीच वर्षं कारकुनी केली. 'कट्यार काळजात घुसली' १९६७ च्या डिसेंबरात रंगमंचावर आलं आणि खाँसाहेबांच्या भूमिकेनं त्यांचं नाव घरोघरी गेलं तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. नाटक लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकरही आपल्या नागपूरचेच.

कागदपत्रांचा भाग रटाळ आहे, पण इथंच नवखे गायक सर्वांत जास्त गमावतात. शोच्या करारात ठरावीक काळ दुसरीकडे गाता येणार नाही, असं कलम असू शकतं. काळ किती आणि 'दुसरीकडे' म्हणजे कुठे, गावातला गणपतीसुद्धा धरून का, हे वाचा. सही करण्याआधी वकिलाला दाखवा. नागपुरात हायकोर्टाचं खंडपीठ आहे, वकिलांचा दुष्काळ नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि ध्वनिमुद्रणाचा व्यावसायिक वापर झाल्यास गायकालाही रॉयल्टीचा हक्क मिळाला. गायकांच्या हक्कांसाठीच्या इस्रा या संस्थेची २०१३ साली नोंदणी झाली, आता तिचं नाव इसाम्रा आहे. स्वतः चाली बांधत असाल किंवा शब्द लिहीत असाल तर आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासदत्व वेगळं घ्या.

नाट्यपदं रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी एक हिशोब. आपल्याकडे लेखक-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो. 'मानापमान'चे शब्द खाडिलकरांचे, ते १९४८ साली गेले. चाली गोविंदराव टेंब्यांच्या, ते १९५५ साली गेले. म्हणजे २०१६ पासून ती पदं कोणाचीही परवानगी न घेता गाऊन प्रसिद्ध करता येतात. 'कट्यार'चं तसं नाही. संगीत देणारे जितेंद्र अभिषेकी १९९८ साली गेले, तेव्हा २०५८ संपेपर्यंत परवानगी लागणारच. आणि पद मोकळं असलं तरी जुन्या गायकाच्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा तुम्ही व्हिडिओत वापरलात तर तो हक्क वेगळा असतो. यूट्यूबची यंत्रणा कधी कधी तुमच्या स्वतःच्या आवाजावरही चुकून दावा ठोकते. अशा वेळी घाबरून व्हिडिओ काढून टाकू नका, हीच वर्षं लिहून हरकत नोंदवा.

मुंबईला राहायला जायचं का? मी गेले नाही. विदर्भ एक्सप्रेस आणि दुरांतो संध्याकाळी-रात्री निघून सकाळी पोचवतात, ध्वनिमुद्रणासाठी तेवढं पुरतं. आता तर बरेच संगीतकार ट्रॅक पाठवतात आणि इथल्या स्टुडिओत गाऊन फाइल परत मागतात. मालिकेत अभिनय करायचा असेल तर मात्र मुंबईला पर्याय नाही, कारण शूटिंगचं बोलावणं आदल्या संध्याकाळी येतं.

डेमो पाठवताना तीनच गाणी पाठवा. एक नाट्यपद, एक भावगीत आणि एक असं गाणं ज्यात तुम्ही हळू आवाजात गायला आहात. आलाप कापा, पहिल्या दहा सेकंदांत शब्द ऐकू आला पाहिजे. रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, नको. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट म्हणून पाठवू नका, तिथं आवाज दाबला जातो. वेव्ह फाइल ड्राइव्हवर टाकून लिंक द्या, ती उघडते का हे दुसऱ्या फोनवर तपासा, आणि फाइलच्या नावातच स्वतःचं नाव, पट्टी आणि मोबाईल नंबर लिहा.