गरोदरपणात कोविड झाला तर ताप उतरल्यावर पण बाळाची हालचाल बघत रहा

आमच्या बेळगाव-खानापूर भागात गरोदर बाई खोकायला लागली की घरचे म्हणतात सर्दी आहे की, काढा घे, झोप, आणि दोन दिवसांत ताप उतरला की सगळे मोकळे. बाईपुरतं बघितलं तर बऱ्याच वेळा ते खरं पण असतं, तिला खरंच जास्त काही होत नाही. पण कोविडचं असं आहे की कधी कधी आई बरी होऊन परत भाकऱ्या थापायला लागलेली असते आणि आत वारेचं, म्हणजे प्लासेंटाचं, नुकसान चालूच असतं. मी हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, वार कापून बघणं हे आमचं रोजचंच काम, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

आधीच सांगते, घाबरवायचं नाहीये. कोविड झालेल्या बहुतेक बायकांची बाळं एकदम व्यवस्थित जन्मली, वारेला जोरात मार बसतो ते फार थोड्या जणींना. पण ज्यांना बसतो त्यांच्यात सगळं इतकं पटपट होतं की कळायला वेळच मिळत नाही, म्हणून आधीपासून माहीत पाहिजे.

चांगली वार पूर्ण दिवसांची असेल तर साधारण अर्धा किलोची, गडद लाल, आणि कापली की आतून रक्त भरलेल्या स्पंजासारखी मऊ लागते. आत बारीक बारीक फांद्या असतात, त्यांच्याभोवती आईचं रक्त खेळतं आणि त्यातून बाळाला ऑक्सिजन जातो. कोविडने मारलेली वार सुरीखालीच कळते, घट्ट लागते, आणि आत लालऐवजी फिकट पिवळट-पांढरे पट्टे दिसतात. ते पट्टे म्हणजे फायब्रिन, रक्त गोठताना जे तयार होतं ते. विषाणू आईच्या रक्तातून येऊन त्या फांद्यांवरच्या पेशींच्या थरात शिरतो, तो थर मरतो, तिथे मॅक्रोफेज, म्हणजे शरीराच्या साफसफाई करणाऱ्या पेशी, जमा होतात आणि फायब्रिन मधल्या सगळ्या जागा भरून टाकतं, मग आईचं रक्त फिरणार कुठून? 2022 मध्ये 12 देशांतल्या अशा 68 केसेस एकत्र अभ्यासल्या होत्या, 64 बाळं पोटातच गेलेली आणि 4 जन्मल्यावर लगेच, आणि त्यांच्या वारेचा सरासरी 77 टक्क्यांहून जास्त भाग निकामी झाला होता. बाळाला स्वतःला कोविड होऊन नाही, ऑक्सिजन न मिळून ती बाळं गेली. आणि त्यातल्या एकाही आईने लस घेतलेली नव्हती हे पण लक्षात ठेवा, आपल्याकडे गरोदर बायकांना लस द्यायला परवानगी मिळाली ती 2 जुलै 2021 ला.

डेल्टाच्या वेळी हे सगळ्यात वाईट होतं. अमेरिकेतल्या सरकारी आकड्यांत डेल्टाच्या काळात कोविड असलेल्या बाळंतपणांमध्ये 2.70 टक्के बाळं मृत जन्मली आणि कोविड नसलेल्यांत 0.63 टक्के. ओमिक्रॉननंतर असं नुकसान बरंच कमी दिसलं. कमी म्हणजे शून्य नाही पण.

आता करायचं काय ते.

टेस्ट पॉझिटिव्ह आली की पहिलं काम, तारीख लिहून ठेवा, तेव्हा कितवा आठवडा होता ते पण. सरकारी तपासणीला जात असाल तर तायी कार्डवर, म्हणजे आपल्या कर्नाटकातल्या गरोदर बाईच्या कार्डवर, सिस्टरकडून लिहून घ्या, आणि इंग्लिशमध्ये लिहा म्हणून सांगा. का सांगते तर आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, आणि निम्म्या मुलींचं माहेर चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरकडे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं की पोरगी बॉर्डर ओलांडून महाराष्ट्रात जाते, तिकडचं कार्ड वेगळं, तिकडच्या डॉक्टरला कन्नड वाचता येत नाही, आणि कोविडची गोष्ट इकडेच राहून जाते. सगळे स्कॅन, रक्ताचे रिपोर्ट एका फाईलमध्ये घालून बरोबर द्या, नुसते मोबाईलमध्ये फोटो आहेत म्हणून भागवू नका, चार्जिंग संपलं की गेलं.

तापाला पॅरासिटामॉल चालतं, डोस डॉक्टरांना विचारून. पण मेडिकलमधून मनानेच कॉम्बिफ्लाम आणू नका, त्यात पॅरासिटामॉलबरोबर आयब्युप्रोफेन असतं आणि 20 आठवड्यांनंतर ते बाळासाठी टाळायचं असतं. ऑक्सिमीटर असेल तर 95 च्या खाली यायला लागलं की घरी थांबायचं नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या-इंजेक्शन शेजारणीला दिले होते म्हणून आपण पण घ्यायचे असलं काही करू नका, ते कुणाला द्यायचं ते डॉक्टर ठरवतात.

सगळ्यात महत्त्वाचं आता, बाळाची हालचाल. आधी नुसतं त्याची सवय ओळखा, कधी जास्त नाचतं, कधी झोपतं. 28 आठवड्यांपासून रोज एकाच वेळेला, रात्रीचं जेवण झाल्यावर बरं पडतं, डाव्या कुशीवर पडा, टीव्ही बंद, मोबाईल लांब, आणि हात पोटावर ठेवून मोजा. लाथ, ढुशी, कूस बदलणं सगळं धरायचं, उचकी धरायची नाही. दोन तासांत 10 झाल्या पाहिजेत, बऱ्याच जणींच्या त्याच्या आधीच होतात. दहा झाल्या नाहीत किंवा दहा झाल्या पण रोजच्यापेक्षा एकदम मंद वाटतंय, तर त्याच दिवशी दवाखाना. उद्या बघू नाही. गोड खाऊन बघ, थंड पाणी पिऊन बघ असं सांगत सासूबाई चार तास घालवतात, त्यांना प्रेमानेच सांगा की गाडीत बसून खाते.

कोविडनंतरचे पहिले दोन-तीन आठवडे जास्त सांभाळायचे, वारेचा त्रास झालाच तर बहुतेक याच दिवसांत होतो. आणि नेमकं तेव्हाच ताप उतरलेला असतो, म्हणून कुणाचं लक्ष नसतं. 28 आठवडे व्हायचे असतील आणि बाळ हलायला लागून मग थांबलंय असं वाटलं तरी मोजत न बसता सरळ जा.

दवाखान्यात गेल्यावर बाळाचे ठोके ऐकवले आणि ठीक आहे म्हणून परत पाठवलं तर तेवढ्यावर येऊ नका. ठोके आहेत म्हणजे बाळ आत्ता आहे, वार कशी आहे ते त्यातून कळत नाही. एनएसटी मागा, ते पोटाला पट्टे बांधून कागदावर ठोक्यांचा आलेख काढतात ते. सोबत सोनोग्राफी, डॉप्लर (बाळाकडे रक्त नीट जातंय का ते बघणारी सोनोग्राफी), आणि रक्तात प्लेटलेट बघायला सांगा, काही केसमध्ये आईचे प्लेटलेट पण खाली आलेले होते. एक मात्र समजून घ्या, मागच्या आठवड्याचा स्कॅन नॉर्मल होता म्हणून आज बिनधास्त रहायचं नाही, वाढ कमी दिसायला वेळ लागतो आणि हे नुकसान त्याच्या आधीच होऊन जातं. बीपी पण दर वेळी मोजून घ्या, कोविडनंतर प्रीएक्लॅम्पसियाचं, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढायच्या आजाराचं, प्रमाण जास्त दिसलंय. डोकं ठणकलं, डोळ्यापुढे अंधारी आली, तोंड-हात सुजले तर मोजत बसू नका, जा. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची फुकट तपासणी असते, नेहमीचं दाखवायला ती चांगली, पण हालचाल कमी झाल्यावर 9 तारखेची वाट बघायची नाही.

कणकुंबी, जांबोटीकडच्या घाटातल्या गावांनी जरा आधी तयारी ठेवा. पावसाळ्यात तिकडे लाईट जाते, रेंज जाते, 108 ला फोन लागला तरी गाडी यायला वेळ. गावात जीप कुणाची, रात्री येतो का, हे आधीच विचारून ठेवा आणि आशा ताईला कोविड झालेलं माहीत असू दे. शेवटच्या महिन्यांत बेळगावात कुणी नातेवाईक असेल तर सरळ तिथेच जाऊन रहा. सिस्टर कन्नड बोलणारी असेल आणि तुम्हाला जमत नसेल तर एवढं पाठ करा, मगु अल्लाडता इल्ला, बाळ हलत नाही. बाकीचं त्या बघतात.

बाळंतपणानंतर वार तपासायची असेल तर आधीच सांगावं लागतं, नंतर नाही, कारण ती लगेच दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाते. लेबर रूममध्ये जायच्या आधी डॉक्टरला सांगा, वार हिस्टोपॅथॉलॉजीला पाठवा, या या तारखेला कोविड झाला होता. बाळ छान असेल तर बऱ्याचदा गरज नसते, पण बाळ खूप कमी वजनाचं असेल, दिवसाआधी काढावं लागलं असेल किंवा गेलं असेल तर नक्की पाठवा. मोठ्या तोंडाच्या डब्यात, वार पूर्ण बुडेल एवढं फॉर्मलिन (नमुना खराब होऊ नये म्हणून वापरतात ते औषधी पाणी), डब्यावर नाव, आठवडे, तारीख. आमच्याकडे साध्या पाण्यात टाकून आणतात, मग पेशी फुगून फुटतात आणि काहीच वाचता येत नाही. काही घरांत वार घरी नेऊन पुरायची पद्धत आहे, त्यांनी आधी घरात बोलून घ्या, फॉर्मलिनमध्ये गेलेली वार घरी नेऊन पुरू नये.

ज्यांचं बाळ गेलं त्यांना डबा-बिबा सुचत नाही, म्हणून नवऱ्याने किंवा भावाने हे काम घ्यावं. रिपोर्ट नसला की मग घरात सुरू होतं, ग्रहणात भाजी चिरली होती, पाय पांढरा आहे, आणि ती पोरगी आयुष्यभर ऐकत बसते. रिपोर्टमध्ये कारण लिहून येतं. दुसरं म्हणजे कोविड नसताना पण वारेत थोडीफार अशीच दिसणारी सूज येऊ शकते आणि ती पुढच्या गरोदरपणात परत येण्याचा धोका बराच असतो, दोन्हीतलं कुठलं ते वार बघितल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून रिपोर्टच्या दोन कॉपी घ्या, एक माहेरी एक सासरी, आणि पुढच्या वेळी दिवस राहिले की पहिल्याच तपासणीला डॉक्टरने विचारायच्या आधी टेबलावर ठेवा.