आधी पेशी, मग जंतू

सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून संशोधनाकडे वळणारे विद्यार्थी मला बहुधा ‘कोणता जंतू निवडावा’ असे विचारतात. पेशींच्या आत राहणारे जीवाणू आणि आतड्यातले विषाणू या दोन विषयांत वीसहून अधिक वर्षे घालवल्यावर मी त्यांना आधी पेशीसंवर्धन, म्हणजे प्रयोगशाळेत पेशी वाढवणे, शिकायला सांगतो, कारण असे जीवाणू आपले खरे वर्तन यजमान पेशीतच दाखवतात आणि विषाणू तर तिच्याबाहेर वाढतच नाहीत.

माझी सुरुवात साल्मोनेलापासून झाली. हा जीवाणू साध्या अगरवर, म्हणजे जेलीसारख्या पोषक थरावर, एका रात्रीत वाढतो. परंतु तो मॅक्रोफेजमध्ये, म्हणजे जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशीत, शिरून तिथे कसा तग धरतो हे पाहायचे तर जेंटामायसिनची चाचणी करावी लागते. हे प्रतिजैविक पेशीच्या आत फारसे जात नाही, त्यामुळे बाहेरचे जीवाणू मरतात, आतले वाचतात, आणि पेशी फोडून त्यांच्या कॉलनी (अगरवर उगवणारे ठिपके) मोजता येतात. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी माझे एक उत्परिवर्तित वाण मूळ वाणापेक्षा कितीतरी अधिक संख्येने आत शिरलेले दिसले, आणि मी शोधनिबंधाचा मसुदाही लिहायला घेतला. मार्गदर्शकांनी एवढेच विचारले, “बाहेरच्या द्रवातल्या कॉलनी मोजल्यास का?” मोजल्या नव्हत्या. ते वाण तयार करताना काढलेल्या जनुकाच्या जागी जेंटामायसिनरोधक जनुकच बसवलेले होते. म्हणजे माझे जीवाणू बाहेरच सुखाने जगत होते. चार महिने वाया गेले. वाणाची वंशावळ वाचल्याखेरीज मी आता एकही प्रयोग लावू देत नाही.

पुढे रोटाव्हायरस या मुलांना जुलाब करणाऱ्या विषाणूकडे वळलो. त्याच्या बाहेरच्या प्रथिनाला ट्रिप्सिन या पाचक विकराने छेद दिल्याशिवाय तो पेशीला नीट संसर्ग करत नाही, आणि पेशी ज्या पोषक द्रवात वाढतात त्या माध्यमातले सीरम (रक्तद्रव) त्याच ट्रिप्सिनला निष्प्रभ करते. त्यामुळे संसर्गापूर्वी पेशी सीरमविरहित माध्यमाने धुवाव्या लागतात, हे वाक्य कार्यपद्धतीत होते. मी ते घाईत ओलांडले होते. पेशीसंवर्धनात शिरून ते दूषित करणाऱ्या मायकोप्लाझ्मा या जीवाणूचा त्रास याहून छुपा असतो: त्याला पेशीभित्तिका नसल्यामुळे पेनिसिलिन चालत नाही, तो नेहमीच्या गाळणीतूनही निसटतो आणि माध्यम गढूळही होत नाही. दर महिन्याला पीसीआरने, म्हणजे त्याचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीने, तपासणी करावी. तिचा खर्च कोणालाही जड वाटू नये.

विषय निवडताना तो जंतू आज वाढवता येतो का, हे अवश्य पाहावे. अमेरिकेतील नॉरवॉक येथील १९६८ च्या साथीतला नोरोव्हायरस हा उलट्या-जुलाब करणारा विषाणू १९७२ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसला, पण मानवी आतड्याच्या एंटेरॉइडमध्ये (मूलपेशींपासून वाढवलेल्या आतड्याच्या सूक्ष्म प्रतिकृतीत) तो वाढवल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा विषाणूवर तीन-चार वर्षांच्या शिष्यवृत्तीत पीएच.डी. बेतणे धाडसाचे ठरले असते.

नमुन्यांच्या नोंदींना नवखे विद्यार्थी कारकुनी समजतात, हे मला खटकते. दिल्लीत १९५५-५६ मध्ये यमुनेच्या दूषित पाण्यामुळे सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. त्या वेळी जपून ठेवलेले रक्तद्रव १९८० च्या सुमारास तपासले गेले, म्हणूनच ती साथ हेपटायटिस ए ची नव्हती हे कळले. आपण आज ज्याला हेपटायटिस ई म्हणतो तो हाच आजार. नळीवरचे नाव पुसले गेले असते तर हे घडले नसते.

पीएच.डी.च्या प्रवेशासाठी सीएसआयआर-यूजीसी नेट, तसेच डीबीटी (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) किंवा आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) यांच्या परीक्षा आहेत. नेटमधून मिळणारी कनिष्ठ शिष्यवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. मात्र प्रयोगशाळा ठरवण्यापूर्वी तिथे दोन दिवस बसून पेशी कोण सांभाळते, हे पाहून यावे. पेशींना रविवार नसतो. दिवाळीतही गोठवलेल्या पेशी ठेवलेल्या द्रव नायट्रोजनच्या टाकीची पातळी कोणीतरी मोजावीच लागते. आमच्याकडे ती पाळी सर्वांत नव्या विद्यार्थ्याची असते, आणि माझ्या वेळी ती दोन वर्षे माझ्याकडेच होती.