कॉलेजच्या पोरांचा पहिला पीआर आला की काय करायचं

इंदूरला आम्ही चार-पाच मराठी मंडळी एक छोटं ओपन सोर्स टूल (ज्याचा कोड कुणीही बघू-सुधारू शकतो असं) सांभाळतो. ऑक्टोबरात हॅक्टोबरफेस्ट (ओपन सोर्सला हातभार लावायचा महिनाभराचा उपक्रम) आणि जानेवारी लागला की गूगल समर ऑफ कोडची (नवख्यांना स्टायपेंड देऊन ओपन सोर्सवर काम करायला देणारा गूगलचा उपक्रम) धावपळ, त्यामुळे कॉलेजची पोरं दरवर्षी येतातच, टिकतात मात्र मोजकी. पहिला पीआर, म्हणजे पुल रिक्वेस्ट, "मी केलेला हा बदल तुमच्या कोडमध्ये घ्या" अशी विनंती, आल्यावर ती टिकावीत म्हणून आम्ही काय करतो ते सांगतो.

आधी सेटअप, म्हणजे टूल आपल्या मशीनवर चालू करणं, कारण पोरं कोडला घाबरत नाहीत, सेटअपलाच अडकतात. रीडमीतल्या (प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलमधल्या) स्टेप्स स्वतःच्या मशीनवर नाही, 4 जीबी रॅमच्या जुन्या विंडोज लॅपटॉपवर करून बघा. मागच्या वर्षी रामबागेत आमच्याकडे देवासची एक मुलगी बसली होती, समोर पोहे गार होतायत आणि ही दीड तास एकाच एररवर, दर पाच मिनिटांनी "सॉरी सर". शेवटी निघालं काय, तर टूल चालवायला लागणाऱ्या नोड या सॉफ्टवेअरचं कुठलं व्हर्जन लागतं तेच आम्ही कुठे लिहिलं नव्हतं. म्हटलं, सॉरी कसलं, ही ओळ आता तूच रीडमीत टाक. तोच तिचा पहिला पीआर. नवीन माणसाला जे अडतं ते आपल्याला दिसेनासं झालेलं असतं, म्हणून प्रत्येकाला विचाराच, कुठे अडलास?

इश्यू म्हणजे प्रोजेक्टच्या यादीत नोंदवलेलं एखादं काम किंवा चूक. नवख्यांना जमेल अशावर "गुड फर्स्ट इश्यू" नुसतं लेबल लावून भागत नाही, कुठली फाइल, आत्ता काय होतंय, काय व्हायला हवं, टेस्ट कशी चालवायची, एवढं त्यात लिहा. आणि कितीही हात शिवशिवले तरी तो इश्यू स्वतः उरकून टाकू नका. "सर प्लीज असाइन" असे दहा मेसेज आले तर एकाला एकच द्या, आठवड्यात हालचाल नसेल तर विचारा आणि मग मोकळा करा.

उत्तर लवकर द्या, हे मी परत परत सांगेन. फायरफॉक्सवाल्या मोझिलाच्या अभ्यासात दिसलं होतं की 48 तासांच्या आत रिव्ह्यू (बदल तपासून दिलेला अभिप्राय) मिळालेले लोक परत येण्याचं प्रमाण खूप जास्त असतं. माझा स्वतःचा पहिला पॅच, म्हणजे कोडमधला बदल, एका मोठ्या प्रोजेक्टात तीन आठवडे पडून होता आणि मग एका शब्दात बंद, "डुप्लिकेट", त्यानंतर मी दोन वर्षं तिकडे फिरकलो नाही. पूर्ण रिव्ह्यूला वेळ नसेल तर "बघितलं, शनिवारी सविस्तर लिहितो" एवढं तरी टाका.

प्रश्न पर्सनलवर नको, सगळ्यांसमोर विचारायला सांगा, पण इंग्रजीचा संकोच असेल तर मराठीत-हिंदीत चालू द्या, इश्यू लिहिताना बसून इंग्रजी करता येतं.

आता हॅक्टोबरफेस्टात ठरावीक पीआर केले की मिळणाऱ्या टी-शर्टसाठी नुसता एक शब्द बदलून पीआर पाठवणारे. 2020 मध्ये याचा एवढा पूर आला की हॅक्टोबरफेस्टला महिना चालू असतानाच नियम बदलून, जे प्रोजेक्ट स्वतः हो म्हणतील तेवढेच धरायचे, असं करावं लागलं. असा पीआर बंद करा, पण का ते दोन ओळीत सांगा आणि खरा एखादा इश्यू दाखवा. त्यातल्या कित्येकांना कुणी नीट सांगितलेलंच नसतं हो.

आणि सेमिस्टरच्या वेळी पोरं एकदम गप्प होतात, तेव्हा सोडून गेली असं धरू नका. इश्यू दुसऱ्याला द्या आणि परीक्षा संपल्यावर एक मेसेज टाका, "पेपर झाले का रे?"