बाउल्सच्या लीगमधला पहिला हंगाम : उत्तर-पश्चिम इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसाठी

मँचेस्टर, स्टॉकपोर्ट, बोल्टन, विगन किंवा चेशायरच्या एखाद्या लहान गावात नोकरीनिमित्त येणाऱ्या मराठी कुटुंबांना घरभाडे, मुलांची शाळा, डॉक्टरकडची नोंदणी आणि थंडीचे कपडे यांविषयी सांगणारी माणसे सहज भेटतात. मी ज्याविषयी लिहिते आहे, ते मला पहिली तीन वर्षे कोणीच सांगितले नव्हते. साताऱ्याहून स्टॉकपोर्टला येऊन मला आता चौदा वर्षे झाली. सुरुवातीला माझ्या ओळखी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेपुरत्या आणि सणावाराला भेटणाऱ्या मराठी मंडळींपुरत्याच राहिल्या. चौथ्या वर्षी एप्रिलमध्ये शेजारच्या आजी मला त्यांच्या क्लबच्या बाउल्सच्या ग्रीनवर, म्हणजे जड गोळे (बाउल) गडगडवत खेळायच्या खेळाच्या हिरवळीवर, घेऊन गेल्या, आणि ऑगस्ट संपेपर्यंत दुकानात, बसथांब्यावर आणि टपाल कार्यालयात मला नावाने हाक मारणारी वीसएक माणसे झाली होती. म्हणून माझे नव्याने येणाऱ्यांना अगदी मनापासून सांगणे आहे की, जवळच्या क्राउन ग्रीन बाउल्स क्लबात नाव नोंदवा आणि नुसता सराव करत न बसता शक्य तितक्या लवकर लीगच्या संघात खेळायला लागा.

खेळ समजून घेण्याआधी जमीन समजून घ्यावी लागते. इंग्लंडच्या दक्षिणेत बाउल्स सपाट हिरवळीवर, आखलेल्या पट्ट्यांमध्ये खेळतात. आपल्याकडे, म्हणजे लँकेशायर, चेशायर, यॉर्कशायरचा बराचसा भाग, वेस्ट मिडलंड्स, उत्तर वेल्स आणि आइल ऑफ मॅन येथे, ग्रीन मध्यभागी उंच असते आणि सर्व कडांकडे उतरत जाते. हा मधला उंचवटा कडेपेक्षा साधारण २५ ते ३५ सेंटिमीटर वर असतो आणि त्यालाच क्राउन म्हणतात. पट्टे नसल्यामुळे येथे कोणत्याही दिशेने खेळता येते, आणि एका ग्रीनवर एकाच वेळी चार लढती एकमेकींच्या वाटा ओलांडत चाललेल्या असतात. पहिल्या दिवशी हा प्रकार गोंधळाचा वाटतो, परंतु दुसऱ्याचा बाउल पुढून जात असेल तर आपण थांबायचे आणि आपल्या बाउलच्या वाटेत दुसरा कोणी उभा असेल तर मोकळेपणाने आवाज द्यायचा, एवढी शिस्त पाळली की अडचण येत नाही.

लढत एकास एक अशी असते आणि प्रत्येकाकडे दोन बाउल असतात. जुने लोक त्यांना अजून वुड्सच म्हणतात, कारण पूर्वी ते लिग्नम व्हिटे या अतिशय जड लाकडाचे बनत, आता मात्र कृत्रिम द्रव्याचे असतात. ज्याची पाळी असेल तो फुटर नावाच्या लहान गोल चटईवर पाय ठेवून प्रथम जॅक, म्हणजे लहान गोळा, टाकतो. तो किमान १९ मीटर गेला पाहिजे. मग दोघे आळीपाळीने आपले बाउल त्याच्या जवळ नेण्याचा प्रयत्न करतात. चारही बाउल टाकून झाले की ज्याचा बाउल जॅकच्या सर्वांत जवळ असेल त्याला एक गुण मिळतो, आणि त्याचे दोन्ही बाउल प्रतिस्पर्ध्याच्या बाउलांपेक्षा जवळ असतील तर दोन. ग्रीनच्या बाहेर गेलेला बाउल त्या फेरीपुरता बाद होतो. जो गुण मिळवतो तो पुढचा जॅक टाकतो, आणि जो आधी २१ गुणांना पोहोचतो तो लढत जिंकतो.

बाउल सरळ जात नाही, कारण त्याची एक बाजू अशी घडवलेली असते की वेग मंदावू लागला की तो त्या बाजूला वळतो. या ओढीला बायस म्हणतात. ती बाजू अंगठ्याकडे धरली तर थंब आणि बोटांकडे धरली तर फिंगर, एवढे दोनच शब्द पहिल्या आठवड्यात पुरतात. सपाट हिरवळीवरच्या खेळात जॅकला बायस नसतो, परंतु क्राउन ग्रीनच्या जॅकला तो असतो, त्यामुळे समोरच्याने टाकलेला जॅक ज्या वाटेने गेला ती वाट हाच तुमचा नकाशा असतो. जॅक हातातून सुटताना मान वळवून कोणाशी बोलत राहू नका. तो थंबवर गेला की फिंगरवर, हे कळले नसेल तर विचारा. त्यात संकोच वाटण्याचे काहीही कारण नाही.

यापुढचा भाग मात्र वेळ घेणारा आहे आणि माझ्या मते सर्वांत सुंदरही आहे. बायस उताराच्या दिशेने असेल तर उतार आणि बायस मिळून बाउलला मोठा वळसा घ्यायला लावतात, ज्याला खेळाडू राउंड पेग म्हणतात. बायस चढाच्या दिशेने असेल तर दोन्ही ओढी एकमेकींना अडवतात आणि बाउल जवळजवळ सरळ जातो, तो स्ट्रेट पेग. हे वाचून कळते, पण हाताला कळत नाही. मला ते एका मे महिन्याच्या सकाळी कळले. क्लबची परवानगी घेऊन मी कामावर जाण्याआधी सातच्या सुमारास एकटीच सराव करत होते, गवतावर दाट दव होते, आणि प्रत्येक बाउलमागे काळपट हिरवी रेघ उमटत होती. एकाच जागेवरून टाकलेल्या पाच बाउलांच्या पाच रेघा शेजारी शेजारी दिसत होत्या. पहिल्या दोन-तृतीयांश अंतरापर्यंत त्या जवळपास सारख्याच होत्या आणि शेवटच्या चार-पाच मीटरमध्ये पाच दिशांना फाकल्या होत्या. बाउल हातातून सोडताना आपण चुकतो असे मला वाटत होते, परंतु खरी चूक जोराच्या अंदाजात होती, कारण बाउल जितका हळू होतो तितका उतार त्याच्यावर अधिक अंमल करतो. लहानपणी अंगणातल्या उतारावर गोट्या खेळलेल्या कोणालाही ही जाण आधीपासून असते, फक्त ती हातात परत यायला हवी. तुम्हाला एखादी दवाची सकाळ मिळाली तर ती सोडू नका.

आता लीगविषयी. हंगाम एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत चालतो. संध्याकाळच्या लीगचे सामने बहुतेक ठिकाणी साडेसहाच्या सुमारास सुरू होतात, आणि जूनमध्ये येथे साडेनऊनंतरही उजेड असल्यामुळे ते निवांत संपतात. दुपारच्या ज्येष्ठांच्या लीग, स्त्रियांच्या लीग आणि मिश्र लीग वेगळ्या असतात, आणि बहुतेक लीगमध्ये विभाग असून हंगामाच्या शेवटी संघ वर किंवा खाली जातात. संघातील खेळाडूंची संख्या आणि गुण देण्याची पद्धत प्रत्येक लीगची निराळी असते, म्हणून नियमपुस्तिका पहिल्याच दिवशी मागून घ्या. आमच्या लीगमध्ये आठ जणांचा संघ असतो, प्रत्येक जण आपली लढत एकट्याने खेळतो, लढत जिंकल्याचे गुण संघाला मिळतात आणि त्याशिवाय आठही लढतींत दोन्ही बाजूंनी केलेल्या गुणांची बेरीज करून ज्याची बेरीज अधिक त्याला जादा गुण मिळतात.

ही बेरीज नवख्याला नीट समजली पाहिजे, कारण संघातले आपले मोल तिथेच ठरते. एका सामन्यात आमचे चौघे जिंकले आणि चौघे हरले. जिंकलेल्यांचे प्रत्येकी २१ प्रमाणे ८४ झाले, आणि हरलेल्यांचे १७, १२, १९ व ९ मिळून ५७. एकूण १४१. प्रतिस्पर्ध्यांचे त्याच हिशेबाने १३८ झाले. हरलेल्यांतली १७ गुणांची लढत माझी होती. मी १३ वर असताना समोरचे गृहस्थ २० वर होते आणि लढत संपल्यातच जमा होती. कप्तान काठावरून एवढेच म्हणाले की, मिळेल तो गुण घे. मी पुढच्या तीन फेऱ्यांत चार गुण घेतले आणि मग हरले. ते चार नसते तर आमचे १३७ झाले असते आणि सामना एका गुणाने गेला असता. हरणाऱ्या माणसाच्याही प्रत्येक गुणाला किंमत देणारा असा हिशेब मी दुसऱ्या खेळात क्वचितच पाहिला आहे, आणि परक्या गावात स्वतःच्या उपयोगाविषयी शंका घेत बसलेल्या माणसाला त्याचा किती आधार वाटतो, हे मी अनुभवाने सांगते.

याच कारणाने गैरहजेरी ही लीगमधली सर्वांत मोठी चूक ठरते. माझ्या पहिल्या हंगामात जुलैतल्या एका बुधवारी प्रयोगशाळेत उशीर झाला, आणि ‘आपण नवीन आहोत, आपल्यावाचून काय अडणार’ असे समजून मी फोन केला नाही. आमच्या नियमाप्रमाणे न आलेल्या खेळाडूची लढत २१–० अशी प्रतिस्पर्ध्याला जाते, आणि त्या दिवशी आम्ही बेरजेत नऊ गुणांनी मागे पडलो. कोणीही मला रागावले नाही, पण सत्तरी ओलांडलेले आमचे एक सहकारी गुडघ्याचे दुखणे विसरून वीस मिनिटे फाटकाशी माझी वाट पाहत उभे होते, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. म्हणून आपल्या कामाच्या पाळ्यांचे वेळापत्रक महिन्याच्या सुरुवातीलाच कप्तानाकडे द्या, यायला जमणार नसेल तर आदल्या दिवशी सांगा, आणि आयत्या वेळी अडलात तर सामना सुरू होण्याआधी फोन करा. निवड झाली नाही तरी शक्य असेल तेव्हा जाऊन बसा. गुण लिहायला दोन्ही बाजूंची माणसे लागतात आणि ते काम करताना खेळ जितका कळतो तितका सरावानेही कळत नाही.

दुसऱ्यांच्या ग्रीनवर जायचे असेल तेव्हा लवकर पोहोचा. पहिल्या चार लढती सुरू असताना बाकीचे बाकांवर बसलेले असतात, आणि तो वेळ गप्पांत घालवण्यापेक्षा घरचे खेळाडू जॅक कोणत्या कोपऱ्यात नेतात ते पाहण्यात घालवावा. प्रत्येक ग्रीनमध्ये एखादी अशी जागा असते जिथे बाउल अपेक्षेविरुद्ध वळतो, आणि ती जागा घरच्यांना पाठ असते.

साहित्यावर आधी खर्च करू नका. क्लबकडे देण्यासाठी जुने बाउल असतात आणि हाताला कोणते वजन बसते हे कळायला एक हंगाम लागतो. वजन अजून पौंड-औंसांत सांगतात. २ पौंड ८ औंस, म्हणजे सुमारे १.१ किलो, हा पुष्कळांना चालणारा मध्यम आकार आहे. सपाट तळाचे बूट मात्र आवश्यक आहेत, कारण टाचेने गवत दुखावते आणि ग्रीन राखणाऱ्या माणसाने त्यासाठी वर्षभर कष्ट केलेले असतात. पावसातही खेळ चालतो, म्हणून जलरोधक जाकीट-पँट आणि बाउल पुसायला एक फडके पिशवीत कायम ठेवा.

पुष्कळशी ग्रीन पबच्या मागे आहेत आणि त्यामुळे आपल्यातली काही कुटुंबे बिचकतात. दारू न पिणाऱ्याला कोणी आग्रह करत नाही. मी चौदा वर्षांत लेमोनेड आणि चहा यांपलीकडे काही घेतलेले नाही. सामन्यानंतर प्रतिस्पर्ध्याशी हात मिळवून त्याला काही प्यायला विचारावे, एवढा रिवाज पाळावा. नंतर सँडविच किंवा पाय (pie), म्हणजे आत सारण भरून भाजलेला पदार्थ, असतो. शाकाहारी असाल तर आधी सांगा, चीज-कांद्याचा पाय सहज मिळतो. खाण्याची पाळी आपल्यावर आली की आपल्या पाहुणचाराच्या सवयीने सात-आठ पदार्थ करू नयेत असे माझे मत आहे, कारण पुढच्या पाळीच्या घरावर त्याचा बोजा पडतो. सँडविच आणि त्यासोबत घरचा एखादाच पदार्थ पुरेसा आहे.

वयाने मोठ्या माणसांना नुसत्या नावाने हाक मारणे आपल्याला जड जाते. ऐंशी वर्षांच्या गृहस्थांना मी वर्षभर आडनावाने आणि ‘मिस्टर’ लावून बोलत होते, आणि एके दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, ‘माझे काही चुकले आहे का?’ येथे नावाने हाक मारणे हीच आपुलकी आहे. बोली सुरुवातीला कळत नाही, तरी ग्रीनवरचे शब्द थोडेच आहेत. बाउल कमी पडत असेल तर ‘लेग्ज’ म्हणून ओरडतात, अधिक बाहेरून टाकायला हवा असेल तर ‘मोअर लँड’ म्हणतात, आणि प्रतिस्पर्ध्याच्या चांगल्या बाउललाही ‘गुड वुड’ म्हटले जाते, तेवढे म्हणायला तुम्हीही शिका.

आईवडील सहा महिन्यांच्या व्हिसावर उन्हाळ्यात येणार असतील तर त्यांना पहिल्याच आठवड्यात ग्रीनवर घेऊन जा. दिवसभर घरात एकटे बसून कंटाळणाऱ्या माझ्या वडिलांना दुपारी सरावाला येणाऱ्या ज्येष्ठांनी बाकावर जागा दिली, आणि तुटक इंग्रजीत त्यांची उसाच्या शेतीवर व पावसावर बोलणी होऊ लागली. परत जाताना त्यांनी त्या बाकावरच्या चौघांचा निरोप दोन दिवस घेतला.

खेळात मुरल्यावर ब्लॅकपूलला जाऊन वॉटर्लू हँडिकॅप ही १९०७ पासून चालत आलेली स्पर्धा एकदा पाहा. तोपर्यंत आपल्या गावचे ग्रीन पुरेसे आहे. क्लबांच्या नोंदण्या आणि संघांच्या याद्या हंगामाआधी, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये होतात. उशिरा आलात तरीही जा, कारण मेच्या अखेरीस कोणत्या ना कोणत्या संघाला एक माणूस कमी पडतोच. संध्याकाळी सहाच्या सुमारास फाटक उघडे दिसले की आत जाऊन कप्तान कोण आहेत ते विचारा, कोणत्या दिवशी मोकळे असता ते सांगा, आणि आपले नाव नीट उच्चारून एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या, म्हणजे सामन्याच्या पहिल्या कार्डावर ते बरोबर उतरेल.