विमानाचं तिकीट किती दिवस आधी काढायचं? या चुका टाळा

जानेवारीत कोलकात्याहून एका दादांचा फोन आला. मूळचे विट्याजवळचे, तिकडं गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं, दुकान आहे, आपल्या खानापूर-आटपाडी भागातली कितीतरी घरं अशी देशभर पांगलेली आहेत. म्हणाले, चैत्रात गावची यात्रा आहे ताई, आम्ही पाच जण येणार, तिकीट आत्ताच काढू का अजून थोडं उतरेल? सांगलीत विश्रामबागला माझं बुकिंगचं छोटं काम आहे आणि हा प्रश्न मला रोज कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते.

"किती दिवस आधी" याचा एकच आकडा नसतो हो. मी आधी दोन गोष्टी विचारते, तुमची तारीख किती पक्की आहे आणि त्या तारखेला बाकीच्या लोकांना पण जायचंय का. यात्रेची तिथी पंचांगात आधीच छापलेली असते, ती काय हलणार नाही आणि त्याच आठवड्यात भागातली सगळीच माणसं गावाकडं निघतात. मग वाट कशाची बघायची?

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे शेवटी सीटा रिकाम्या राहिल्या की कंपनी स्वस्तात देईल हा समज. हे लोकांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की सांगून पटत नाही. आपल्याकडं हळद बघा, पूर्वी दर नसला की हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, ठेवायची आणि दर यायची वाट बघायची, माल कुठं पळून जात नाही. विमानाची सीट तशी साठवता येत नाही, विमान उडालं की त्या दिवसाची सीट संपली, म्हणून लोकांना वाटतं शेवटच्या दिवशी कंपनी घाईला येणार. पण शेवटच्या दोन दिवसांत तिकीट कोण काढतं याचा विचार करा. ज्याच्या घरी कुणी गेलंय, ज्याला ऑपरेशनला पोचायचंय, ज्याला कंपनीनं मीटिंगला बोलावलंय. ही माणसं दर बघून थांबत नाहीत हे कंपनीला माहीत असतं, म्हणून काही सीटा त्यांच्यासाठी चढ्या दरानं राखलेल्या असतात. कधीतरी एखाद्याला ऐनवेळी स्वस्त मिळतं, नाही असं नाही, पण पाच माणसं घेऊन त्या भरवशावर बसू नका.

दुसरं म्हणजे रेल्वेचा हिशोब विमानाला लावतात. रेल्वेचं बुकिंग 1 नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस आधी उघडतं, त्याआधी 120 दिवस होतं, त्यामुळं दादांना पण वाटत होतं की रेल्वे अजून उघडलीच नाही तर विमानाला काय घाई. विमानाचं बुकिंग बरेचदा दहा-अकरा महिने आधीपासून चालू असतं. आता याचा अर्थ पहिल्याच दिवशी काढायचं असाही नाही, कारण एवढ्या लांबच्या तारखेला सगळे दर उघडलेले असतीलच असं नाही आणि वेळापत्रक पण बदलतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी वेळापत्रक लागतं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी, त्या वळणावर विमानांच्या वेळा बदलतात, काही बंद होतात, काही नवीन येतात. कोल्हापूरसारख्या ठिकाणी जिथं दिवसाला मोजकीच विमानं आहेत तिथं हे फार जाणवतं, एक वेळ बदलली की दुसरं विमान नसतं. म्हणून मार्च किंवा ऑक्टोबर ओलांडून पुढचं तिकीट काढलं असेल तर फोन नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या, दुसऱ्या कुणाचा नको, आणि अधूनमधून पीएनआर टाकून वेळ बघत जा. कंपनीनंच विमान रद्द केलं तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे मागायचा हक्क तुम्हाला आहे, गप्प बसू नका.

माझा स्वतःचा अंदाज विचाराल तर साध्या दिवसांना, म्हणजे सण नाही, सुट्टी नाही, लग्नसराई नाही, महिना ते दोन महिने आधी बरं असतं. दिवाळी, मे महिना आणि जूनमध्ये शाळा उघडायच्या आधीचा शनिवार-रविवार, याला तीन-चार महिने आधी. परदेशाला तीन ते पाच महिने. शेवटच्या पंधरा दिवसांत गेलात की दर बहुतेक चढतच जातो.

आता एक चूक जी जवळजवळ प्रत्येक कुटुंब करतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. एका विमानात एकाच प्रकारच्या सीटांचे दर वेगवेगळ्या टप्प्यांत लावलेले असतात, समजा 5,800 च्या टप्प्यात दोनच सीटा शिल्लक आहेत आणि त्याच्या वरचा टप्पा 6,700 चा आहे. तुम्ही पाच माणसं टाकून शोधलं की सिस्टीम बघते पाच सीटा एकत्र कुठल्या टप्प्यात आहेत, आणि पाचही जणांना बहुतेक 6,700 दाखवते. दादांचं अगदी असंच झालं होतं. मी त्यांना फोनवर धरूनच एका माणसाचं शोधलं, 5,800 आलं. दोघांचं शोधलं, तरी 5,800. तिघांचं केलं की उडी, 6,700. मग दोघांचं एक तिकीट आणि तिघांचं दुसरं असं काढलं, तिथंच 1,800 रुपये वाचले. फक्त असं तोडताना लहान मुलं मोठ्या माणसाबरोबर एकाच पीएनआरवर ठेवायची आणि म्हातारं माणूस एकटं पडू द्यायचं नाही, कारण उद्या विमान रद्द झालं तर दोन पीएनआरना वेगवेगळ्या विमानात टाकू शकतात.

यावरूनच अजून एक गैरसमज निघतो, "मी सारखं सर्च केलं म्हणून त्यांनी भाव वाढवला". बरेचदा झालेलं असतं एवढंच की खालच्या टप्प्यातल्या सीटा तेवढ्यात दुसऱ्या कुणीतरी घेतल्या. आणि मंगळवारी रात्री बुक केलं की स्वस्त मिळतं वगैरे त्यातही अडकू नका, बुकिंग कुठल्या वारी करताय यापेक्षा उडताय कुठल्या वारी याला जास्त किंमत आहे. शुक्रवार संध्याकाळ, रविवार संध्याकाळ आणि सोमवार सकाळ टाळता आली तर टाळा.

नुसता तिकिटाचा आकडा बघून मुंबई धरतात ही पण चूकच. मुंबईचं तिकीट हजारानं कमी असतं पण सांगलीपासून मुंबईपर्यंतची गाडी, टोल, वाटेतलं जेवण, रात्रीची जागरणं, ते धरा की. पुण्याला जायचं तरी खंबाटकी घाटातली गर्दी आणि कात्रजपासून पुढचं ट्रॅफिक धरून निघावं लागतं, पहाटेचं विमान असेल तर रात्रीच. सातारकरांना पुणं सोयीचं आहे, सांगली-मिरजेच्या माणसानं आधी कोल्हापूर बघावं आणि मगच पुणं. सामानाचं पण बघा, देशातल्या विमानात साधारण 15 किलो चेक-इन आणि 7 किलो हातात, आपली माणसं परत जाताना भडंग, बेदाणे, चटण्या भरभरून नेतात. जास्तीचं सामान आधी ऑनलाइन घेतलं तर काउंटरपेक्षा स्वस्त पडतं.

तारीखच पक्की नसेल तर? मिरजेच्या एक काकू होत्या, मुलीचं बाळंतपण बेंगळुरूला. त्यांनी जायचं-यायचं दोन्ही आधीच काढलं, बाळ आलं उशिरा आणि परतीचं तिकीट अक्षरशः वाया गेलं. अशा वेळी जायचं तेवढंच काढा, डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या पंधरा दिवस आधीचं, परतीचं नंतर. फौजेतल्या पोरांचं पण तेच, सुट्टी मंजूर झाल्याशिवाय तारखेचा भरवसा नसतो, त्यांनी तारीख बदलता येणारं तिकीट बघावं आणि काही कंपन्या सैनिकांना वेगळा दर देतात तो ओळखपत्र दाखवून घ्यावा, बऱ्याच घरांना हे माहीतच नसतं.

रद्द करायची वेळ आली तर "नॉन रिफंडेबल आहे" एवढं ऐकून सोडून देऊ नका. डीजीसीएच्या, म्हणजे विमानसेवेवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या, नियमानं रद्द करायचा चार्ज मूळ भाडं अधिक इंधन अधिभार याच्या वर जाऊ शकत नाही, म्हणजे सरकारी कर आणि विमानतळाची फी परत मिळायलाच हवी. आणि देशातलं विमान सात दिवसांपेक्षा लांब असेल तर कंपनीकडून थेट काढलेलं तिकीट किमान पहिले 24 तास तरी चार्ज न देता रद्द करता येतं, 2016 पासून हा नियम आहे. त्यामुळं काढल्या दिवशीच दर पडला किंवा तारीख चुकली तर लगेच हालचाल करा. दुसऱ्या साइटवरून काढलं असेल तर तिची स्वतःची फी वेगळी कापतात, ती आधीच वाचा.

दादांची येतानाची पाचही तिकिटं त्याच दिवशी झाली, पुण्याची. परतीचं ठेवलंय, कारण धाकट्याची शाळा कधी उघडणार ते अजून सांगितलेलं नाही, ते कळलं की त्याच संध्याकाळी फोन करायचा असं ठरलंय.