थंडीआधी खुराड्याची तयारी

दिवाळी उरकली की निफाड-सिन्नरकडे गारठा वाढतच जातो, डिसेंबर-जानेवारीत कधी कधी पारा 5-6 अंशांवर येतो, त्यामुळे परसातल्या गावरान कोंबड्यांचं जे काही करायचं ते नोव्हेंबरातच करून घ्या. आधी खुराडं पूर्ण रिकामं करा, जमिनीला ऊन दाखवा, चुना मारा आणि मग भाताचं कोरडं तूस किंवा लाकडाचा भुसा 2-3 इंच पसरा. नंतर अधूनमधून मूठभर भुसा दाबून बघायचा, त्याचा लाडू वळला तर ओल धरलीय, तेवढा काढून कोरडा टाकायचा.

आता बारदानाचं. वारा येतो त्या बाजूला बारदान लावाच, पण छताखालची वीतभर जागा उघडी राहू द्या, प्लीज! बरेच जण मायेपोटी चहूबाजूंनी प्लास्टिक गुंडाळतात, मग विष्ठेचा अमोनिया आत कोंडतो, सकाळी दार उघडलं की आपलेच डोळे चुरचुरतात आणि कोंबड्यांची घरघर सुरू होते. धडधाकट मोठी कोंबडी पिसं फुगवून कोरडी थंडी काढते, तिला बाधते ती ओल आणि कोंडलेली हवा. बसायला आडवा बांबू हवाच.

मानमोडीची, म्हणजे राणीखेत या कोंबड्यांच्या साथीच्या रोगाची लस राहिली असेल तर थंडीआधी देऊन टाका, लस बर्फातच आणा आणि पाण्यातून देणार असाल तर त्या पाण्यात क्लोरीन नको. खाण्यात संध्याकाळी मका वाढवा, शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, सकाळी पाणी कोमट द्या.

अंडी कमी होतील, घाबरू नका, दिवस 11 तासांचा होतो आणि अंड्यावर यायला साधारण 14 तास उजेड लागतो. बल्ब लावायचाच तर पहाटे लावा, रात्री लावून एकदम बंद केला की अंधारात त्यांना बांबूवर चढता येत नाही. पिसं गाळत असलेल्या कोंबडीला मात्र मी अंड्यांसाठी छळणार नाही, तिला आराम लागतो.

पिल्लं असतील तर खरी धावपळ तिथे आहे, पहिल्या आठवड्यात साधारण 35 अंश लागतात, पुढे दर आठवड्याला 3 अंश कमी करायचे. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात, बल्बखाली एकमेकांवर ढीग झाला तर गार पडलीयत आणि कडेला जाऊन चोच उघडून बसली तर तापलीयत. खुडूक (उबवणीला बसलेल्या) कोंबडीखाली असतील तर बल्बची गरज नाही, डालगं फक्त आडोशाला ठेवा. रात्री लाईट जात असेल तर बल्बखालची पिल्लं पाटीत घालून घरात घ्या, बंद खुराड्यात कोळशाची शेगडी अजिबात नको, त्या वायूने पिल्लं गुदमरून मरतात.

आणि बर्ड फ्लू लक्षात असू द्या, नवापूरला फेब्रुवारी 2006 मध्ये आला, परभणीतल्या मुरुंब्याला जानेवारी 2021 मध्ये, म्हणजे दोन्ही वेळा याच मोसमात. जंगली पक्षी उतरतात तिथलं पाणी पाजू नका, नवीन आणलेली कोंबडी 2-3 आठवडे वेगळी ठेवा, आणि एकाएकी कोंबड्या मरायला लागल्या तर हात न लावता सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.