ढेकूण अंगावर शोधू नका: अंग आणि केसांच्या बाबतीत या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात माझी लेक हॉस्टेलवरून घरी आली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आरशासमोर उभी राहून रडायला लागली. दंडावर, मानेवर, कपाळाच्या कडेला केस सुरू होतात तिथे लाल गांधी उठल्या होत्या. "आई, माझ्या अंगात खटमल झालेत. केसांत चालतायत, मला कळतंय." आम्ही इंदूरचे, ढेकणाला घरात खटमलच म्हणतो. रामबागेतल्या आमच्या घरी दुपारपर्यंत शेजारपाजारच्या बायका जमल्या. कुणी कडुलिंबाचं पाणी सांगितलं, कुणी रॉकेल, कुणी कापराचं तेल. शेवटी मीच कात्री घेतली आणि तिचे कमरेपर्यंतचे केस खांद्यावर आणले. ढेकूण होते तिथेच राहिले, कारण केसांत ते कधी नव्हतेच. त्या केसांचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पहिली चूक: अंगावर शोधत बसणं

ढेकूण माणसाच्या अंगावर राहत नाही. तो फटीत राहतो. रात्री आपण स्थिर झोपलो की अंगाची ऊब आणि श्वासाचा माग काढत येतो, पाचदहा मिनिटं रक्त पितो आणि पोट भरलं की परत फटीत जातो. गोचीड कातडीला चिकटून दिवसचे दिवस राहते, तशी ढेकणाची रीत नाही. उवेच्या पायाला केस धरण्यासाठी आकडा असतो, तोही त्याला नाही. दाट केसांत शिरणं त्याला जमत नाही, म्हणून चावतो तो उघड्या जागी: मान, चेहरा, दंड, पोटऱ्या. एखादा कपड्याच्या शिवणीत बसून दुसऱ्या घरी जाईल, पण अंगावर बिऱ्हाड करणार नाही.

मग केसांत चालल्यासारखं का वाटतं? घरात ढेकूण आहेत हे एकदा कळलं की झोप उडते आणि अंगावर काहीतरी सरपटतंय असं सारखं वाटत राहतं. पुष्कळांना वाटतं. मुलीला "काही नाही, भास आहे" म्हणून उडवून लावू नका. तिच्यासमोर फणी फिरवा आणि काय निघतं ते तिलाच बघू द्या.

केसांत खरंच काही सापडलं तर

ती ऊ असते. ओल्या केसांना तेल किंवा कंडिशनर लावून, पांढऱ्या कापडावर वाकून, मुळापासून टोकापर्यंत बारीक दातांची फणी फिरवा. कंगवा चालणार नाही. ऊ दोनतीन मिलिमीटरची, लांबट, करडी असते. लिखा केसाला मुळाजवळ चिकटलेल्या असतात, झटकून पडत नाहीत. कोंडा पडतो. मोठा ढेकूण मसुरीच्या डाळीएवढा, चपटा, तांबूस तपकिरी असतो. फरक डोळ्यांना सहज कळतो.

उवा निघाल्या तर उवांचंच औषध आणा, त्यावर लिहिल्याप्रमाणे लावा आणि सातदहा दिवसांनी पुन्हा लावा, कारण लिखा पहिल्या वेळी सगळ्या मरत नाहीत. केस कापायची गरज नाही. मुंडण तर नाहीच.

खरुजेचंही असंच होतं. बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, कमरेला खाज असेल, रात्री ती वाढत असेल आणि घरातल्या दोघातिघांना एकदम सुरू झाली असेल, तर पलंग उलटापालटा करण्याआधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. खरुजेचा किडा कातडीच्या आत असतो आणि औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी घ्यावं लागतं.

अजून एक गोष्ट माणसाला चकवते. एकाच पलंगावर झोपणाऱ्या दोघांपैकी एकाच्या अंगावर गांधी उठतात आणि दुसऱ्याच्या अंगावर काहीच नाही, असं सर्रास होतं. चावतात दोघांनाही. कातडी प्रत्येकाची वेगळी. शिवाय गांध कधी कधी काही दिवसांनी उठते. माझ्या लेकीला गांधी घरी उठल्या, म्हणून आम्ही सुरुवातीला आमच्याच गाद्यांना दोष देत बसलो; पहिला चावा हॉस्टेलवरचा असू शकतो, हे ध्यानातच आलं नाही.

अंगाला आणि केसांना काय लावू नये

रॉकेल, पेट्रोल, टर्पेंटाइन यातलं काहीही नको. डोक्याला रॉकेल लावून स्वयंपाकघरात गॅसजवळ गेलेल्या बाईचं काय होऊ शकतं, ते वेगळं सांगायला नको. त्याने कातडी भाजल्यासारखी होते आणि वाफ छातीत जाते. ढेकणांचा किंवा झुरळांचा फवारा अंगावर, अंथरुणात घालायच्या कपड्यांवर, लहान मुलाच्या उशीवर कधीच मारू नका. आंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक ओतून काही साधत नाही, उलट कातडी कोरडी पडून खाज वाढते.

अंगासाठी लागतं ते फार थोडं. साध्या साबणाने आंघोळ, खाजेवर गार पाण्याची घडी, कॅलामाइन लोशन आणि कापलेली नखं. खाज झोपू देत नसेल तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्या. गांध पिकली, लाली पसरत गेली, ताप आला तर थांबू नका. ओठ-डोळे सुजले किंवा श्वास लागला तर लगेच हॉस्पिटल गाठा. ढेकणांमुळे माणसाला एखादा रोग लागतो असं आजवर सिद्ध झालेलं नाही, एवढा धीर मात्र घ्यायला हरकत नाही.

जीव घेणारी चूक

हे हात जोडून सांगते. आपल्या माळव्यात उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरायची पद्धत आहे आणि कोठीत टाकायच्या सल्फासच्या गोळ्या घरोघरी माहीत असतात. "दोन गोळ्या पलंगाखाली ठेव, खोली बंद कर, सकाळपर्यंत सगळे खटमल साफ," असा सल्ला मलाही मिळाला होता. ती गोळी म्हणजे अॅल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या दमटपणाने त्यातून फॉस्फीन वायू सुटतो. बंद दाराच्या फटीतून तो शेजारच्या खोलीत जातो, भिंतीपलीकडच्या घरात जातो. त्यावर उतारा नाही. अशा गोळ्यांनी झोपेतच माणसं गेलेली आहेत, लहान मुलं गेलेली आहेत. राहत्या घरात ही गोळी वापरायचीच नाही. कुणी आणून दिली तरी घरात घेऊ नका.

मग ढेकूण कुठे असतात?

आमच्या हॉलमध्ये प्लायवूडचा जुना दिवाण आहे, पोटात रजया भरलेल्या. रात्री अडीचला टॉर्च घेऊन मी आणि हे गुडघ्यांवर बसलो. एक जुनं एटीएम कार्ड दिवाणाच्या सांध्यात घालून हळूहळू सरकवलं. आधी काळे ठिपके दिसले, बॉलपेनने टोचल्यासारखे. ओल्या कापसाने पुसले तर ते तांबूस पसरले, म्हणजे पचलेलं रक्त. मग फिकट, पोकळ सालपटं, तिळाची साल उडून यावी तशी. स्क्रूच्या भोकाशी खसखशीसारखी पांढरी, लांबट अंडी चिकटलेली. आणि कार्डाच्या टोकाला एक जाडसर ढेकूण बाहेर आला, लेकीचं रक्त पिऊन फुगलेला. त्या क्षणी मला कापलेली वेणी आठवली.

गादीच्या शिवणी, पलंगाचे सांधे, डोक्याकडची फळी, मच्छरदाणीचे कोपरे, पडद्याचा दुमड, स्विचबोर्डाची फट, भिंतीवरच्या फोटोची मागची बाजू, बाहेरून आलेली बॅग. शोध इथे घ्या. इंदूर 2017 पासून स्वच्छ शहर म्हणून गाजतंय आणि म्हणून घरात ढेकूण निघाले की लोकांना शरम वाटते, कुणाला सांगत नाहीत. ढेकणाला घाण लागत नाही, त्याला माणूस लागतो. लपवलंत तर शेजारच्या घरात पसरतील.

घरात होणाऱ्या चुका

खोली सोडून हॉलमध्ये झोपायला जाणं ही सगळ्यात मोठी. अंथरुणाबरोबर ढेकूण हॉलमध्ये येतात आणि एका खोलीचं दुखणं दोन खोल्यांचं होतं. त्याच पलंगावर झोपा, पण पलंग भिंतीपासून हातभर लांब ओढा, चादर जमिनीला टेकू देऊ नका, पायांखाली साबणाच्या पाण्याच्या गुळगुळीत वाट्या ठेवा. ढेकूण उडत नाही, उड्या मारत नाही, गुळगुळीत भांड्यातून त्याला वर चढता येत नाही. जुन्या लोकांच्या वाट्यांत रॉकेल असायचं, ते टाळा.

नौतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, गच्चीवर गादी टाकली की काम झालं, असंही आपण धरून चालतो. वरचा कापूस तापतो, ढेकूण खालच्या गार बाजूला सरकतात. ढेकूण आणि अंडी दोन्ही मरायला आतल्या शिवणीपर्यंत 50 अंशांच्या वर उष्णता पोचायला हवी. त्यापेक्षा चादरी, अभ्रे, कपडे 60 अंशांच्या पाण्यात धुवा, वाळल्यावर शिवणींवरून कडक इस्त्री फिरवा. गादीच्या कडांवर वाफेची इस्त्री अगदी सावकाश न्या. घाई केली तर वाफ आत शिरत नाही.

एकदा फवारा मारून सुटलो असं समजू नका. अंडी वाचतात, आठदहा दिवसांत पिल्लं बाहेर येतात. पेस्ट कंट्रोलवाल्याला आधीच विचारा: दोन आठवड्यांनी पुन्हा येणार का? उत्तर नाही असेल तर दुसरा बघा. बाजारातल्या फवाऱ्यांना ढेकूण हल्ली फारशी दाद देत नाहीत आणि ही गोष्ट नवी नाही. डीडीटीने न मरणारे ढेकूण 1947 सालीच हवाई बेटांवरच्या अमेरिकी नौदलाच्या बराकींत सापडले होते.

आणि गादी टाकायचीच ठरली तर तशीच भंगारवाल्याला देऊ नका. प्लास्टिकमध्ये बांधा, फाडून निकामी करा, वर मोठ्या अक्षरांत लिहा. नाहीतर ती संध्याकाळी दुसऱ्या कुणाच्या लेकराखाली अंथरली जाते.

आमच्याकडे दोनदा फवारणी झाली आणि दर रविवारी टॉर्च-कार्डाची तपासणी. सलग आठ आठवडे नवा ठिपका दिसला नाही, तेव्हाच दिवाण परत भिंतीला लावला. लेक आता सुट्टीला आली की बॅग पलंगावर ठेवत नाही. मागच्या अंगणात उघडते, कपडे थेट गरम पाण्यात टाकते आणि मगच घरात येते. वेणी पाठीपर्यंत आली आहे.